खाज सुटण्याआधी

त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक वाक्य वारंवार ऐकू येते : "पण डॉक्टर, हे तर मी कितीतरी वर्षांपासून वापरतेय!" कधी ते केसांच्या कलपाबद्दल असते, कधी रबरी चपलेबद्दल, कधी गळ्यातल्या खोट्या दागिन्याबद्दल. गवंडीकाम करणारा माणूस सिमेंटबद्दल हेच म्हणतो. कालपर्यंत निमूट असलेली वस्तू आज अंगावर पुरळ आणते, पाण्याचे फोड येतात, ते फुटून लस वाहते. रुग्णाला वाटते, मालात भेसळ झाली असणार. बहुतेक वेळा माल तोच असतो. बदललेली असते ती त्वचा, आणि तीही पुरळ उठण्याच्या बऱ्याच आधी. त्या बदलाच्या दिवसांत ना खाज असते ना लाली, त्यामुळे त्याची तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही.

संपर्कजन्य ॲलर्जीचे असे दोन अंक असतात. पहिला संवेदीकरणाचा : एखादे रसायन त्वचेत शिरते, शरीर त्याची ओळख पटवून घेते आणि त्याच्याविरुद्ध टी पेशींची फौज उभी करते. याला साधारण १० ते १५ दिवस लागतात. दुसरा अंक उद्रेकाचा : तेच रसायन पुन्हा भेटले की एक ते तीन दिवसांत त्वचा पेटते. वैद्यकाचे जवळजवळ सगळे उपचार या दुसऱ्या अंकातले आहेत. मलम लावा, स्टिरॉइड घ्या, ती वस्तू टाळा. पण माणूस ॲलर्जिक होतो तो पहिल्या अंकात. जगभरच्या सर्वसामान्य लोकसंख्येतल्या पाहण्या एकत्र करून २०१९ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे २० टक्के लोकांना निदान एका तरी पदार्थाची संपर्क-ॲलर्जी असल्याचे आढळले. एकट्या निकेलची ११ टक्क्यांहून अधिक लोकांना. म्हणजे हा मूक अंक दर पाच माणसांतल्या एकाच्या त्वचेत कधीतरी घडून गेलेला असतो. त्या अंकात त्वचेतल्या पेशी नेमके काय करतात, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आहे, आणि ते बदलणे हाच या विषयाचा सर्वांत शिकवणारा भाग आहे असे मला वाटते.

सुरुवात निदानापासून झाली. १८९५ साली ग्रात्स शहरातल्या सभेत योझेफ याडासोन यांनी दाखवले की पाऱ्याच्या मलमाने ज्याला पुरळ येते त्याच्या निरोगी त्वचेवर तेच औषध पट्टीखाली ठेवले तर तिथेही पुरळ उठते. आजची पॅच टेस्ट ही त्याचीच वारस : पाठीवर ४८ तास पट्ट्या, मग दोन-तीनदा वाचन. याडासोन यांच्या निरीक्षणातून एक गोष्ट स्पष्ट झाली, ती म्हणजे ॲलर्जी एका जागेपुरती नसते, सगळी त्वचा बदललेली असते. पुढे झुरिकमध्ये ब्रुनो ब्लॉख यांनी प्रिम्युला या फुलझाडाचा अर्क वापरून निरोगी माणसांना, स्वतःलाही, मुद्दाम ॲलर्जिक केले. पुरेशी तीव्र मात्रा असेल तर धडधाकट माणसालाही संवेदित करता येते, हे त्यातून कळले. "ॲलर्जी नाजूक माणसांना होते" हा आपल्याकडे आजही ऐकू येणारा समज तिथेच मोडीत निघायला हवा होता.

रक्तगटांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले कार्ल लँडस्टायनर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३०च्या दशकात साध्या रसायनांकडे वळले. जॉन जेकब्स यांच्याबरोबर गिनीपिगवर काम करताना त्यांना दिसले की जे रसायन प्रथिनाला घट्ट चिकटू शकते तेच संवेदीकरण घडवते. जे चिकटत नाही ते निरुपद्रवी राहते. मग १९४२ साली लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी त्याहून मोठी गोष्ट दाखवली. ॲलर्जिक प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्याला दिला तर ही ॲलर्जी जात नाही, पेशी दिल्या तर जाते. त्या काळी प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे अशीच समजूत होती. त्वचेच्या ॲलर्जीने ती बदलायला लावली, आणि टी पेशींच्या साऱ्या शास्त्राचा पाया इथे घातला गेला.

प्रथिनाला चिकटण्याची ही गोष्ट मराठी वाचकाला बिब्ब्यातून चांगली कळेल. ज्याने कधी बिब्बा उतलेला पाहिला आहे त्याला या रोगाचे उग्र रूप वेगळे सांगायला नको. बिब्ब्याच्या तेलात असलेली कॅटेकोल जातीची रसायने अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या विषारी वेलीतल्या उरुशिओलची सख्खी भावंडे आहेत. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलाचे तेल, जपानी लाखेचे झाड हे सगळे याच कुळातले. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर चट्टे उठू लागले, तेव्हा डॉक्टरांनी शोध घेतल्यावर कळले की परटाने कपड्यांवर ओळखीची खूण बिब्ब्याने केली होती. त्यातल्या अनेकांची त्वचा मायदेशीच पॉयझन आयव्हीने संवेदित झालेली असणार; पहिला अंक अमेरिकेत, दुसरा भारतात.

अशा लहान रसायनांना हॅप्टेन म्हणतात. त्यांचे रेणुभार साधारण ५०० डाल्टनच्या आत असतात, म्हणून त्वचेचा वरचा मृत थर, जो कौलारू छपरासारखा एकावर एक चढलेला असतो, त्यांना अडवू शकत नाही. एवढ्याशा रेणूकडे प्रतिकारसंस्था एरवी ढुंकूनही पाहत नाही. पण तो त्वचेतल्या प्रथिनांच्या लायसिन किंवा सिस्टीन या अमिनो आम्लांशी बंध जोडतो आणि आपलेच प्रथिन परके दिसू लागते. काही रसायने जन्मतः अशी नसतात. कलपातले पीपीडी हवेत आणि त्वचेत ऑक्सिडेशन होऊन मग घातक होते. लिंबाच्या सुगंधातले लिमोनीन आणि लव्हेंडरमधले लिनालूल ताजे असताना फारसे काही करत नाहीत. बाटली उघडी राहून हवेशी संयोग झाला की त्यांच्यापासून जोरदार ॲलर्जी आणणारी संयुगे तयार होतात.

पुण्याने तर एका हॅप्टेनचा इतिहासच घडताना पाहिला. गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवत किंवा चटक चांदणीही म्हणतात, १९५०च्या दशकात पुण्यात नोंदवले गेले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे सर्वसाधारणपणे मानतात. दोन दशकांत ते माळरानापासून रेल्वेच्या रुळांपर्यंत पसरले आणि त्यामागोमाग शेतकरी, मजूर यांच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या सुजून जाड होऊ लागल्या. १९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी या त्वचारोगावर सविस्तर लिहिले. गवताच्या बारीक केसांत असलेले पार्थेनिन हे त्याचे कारण. त्याच्या रेणूत एक असा लॅक्टोन गट आहे जो सिस्टीनच्या गंधकाला थेट जाऊन बिलगतो. वाळलेल्या गवताचा भुगा हवेने उडतो, त्यामुळे शेतात हात न घालणाऱ्यालाही तो गाठतो. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली असल्याने गाजरगवताने संवेदित झालेल्याला पुढे शेवंतीही सोसत नाही. या रोगात माणसाची शेती सुटते, गाव सुटते. त्याकडे "साधी खाज" म्हणून पाहणाऱ्यांनी अशा एका रुग्णाचा चेहरा जवळून पाहावा.

पण पार्थेनिन तर त्या शिवारात काम करणाऱ्या सगळ्यांच्याच अंगावर पडते. मग काहींनाच का? रसायन प्रथिनाला चिकटले एवढ्याने ॲलर्जी होत नाही. प्रतिकारसंस्थेला परकेपणाबरोबर धोकाही जाणवावा लागतो. धोक्याची ही जाणीव कोण देते, या प्रश्नाने गेली ३० वर्षे संशोधकांना कामाला लावले आहे, आणि उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी : बाह्यत्वचेतल्या अगदी सामान्य केरॅटिनोसाइट पेशींत. या पेशी म्हणजे केवळ भिंत, असे अनेक वर्षे मानले गेले. प्रत्यक्षात हॅप्टेन भिडल्यावर पहिली हाकाटी त्यांच्याकडूनच होते. त्यांच्यात ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, भोवतालचे हायलुरोनिक आम्ल तुटून त्याचे तुकडे होतात, पेशींमधून एटीपी बाहेर गळते. एरवी पेशीच्या आत ऊर्जेचे चलन असणारे एटीपी बाहेर सापडले, तर शेजारच्या पेशींना त्याचा एकच अर्थ लागतो : इथे काहीतरी फुटले आहे. फ्रायबुर्गमधल्या स्टेफान मार्टिन यांच्या गटाने उंदरांत दाखवले की हे संकेत ओळखणारे ग्राहक काढून टाकले तर जबर हॅप्टेन लावूनही संवेदीकरण नीट होत नाही. जंतूंसाठी म्हणून ओळखले जाणारे टीएलआर-२ आणि टीएलआर-४ हे ग्राहक तुटलेल्या हायलुरोनिक आम्लालाही प्रतिसाद देतात. जंतू नसतानाही त्वचा जंतू आल्यासारखीच वागते.

निकेलचे उदाहरण यात विलक्षण आहे. निकेल ही जगातली सर्वांत जास्त आढळणारी संपर्क-ॲलर्जी, तरी प्रयोगशाळेतल्या उंदराला ती सहजासहजी होत नाही. याचे कारण २०१० साली कळले. माणसाच्या टीएलआर-४ ग्राहकावर ठरावीक जागी हिस्टिडिन ही अमिनो आम्ले असतात, त्यांना निकेलचा आयन थेट पकडतो आणि ग्राहक चालू होतो. उंदराच्या ग्राहकात ती हिस्टिडिन नाहीत. उंदरात माणसाचा ग्राहक बसवला, तेव्हा उंदीरही निकेलने संवेदित होऊ लागले. म्हणजे माणसाच्या बाबतीत निकेल परकेपणा आणि धोका दोन्ही स्वतःच घेऊन येतो. पार्थेनिनसारखे रसायन धोक्याचा संकेत त्वचेच्या ताणातून मिळवते. ज्यांच्याकडे स्वतःचा संकेत कमजोर असतो ती रसायने दुसऱ्याकडून तो उसना घेतात : साबणाने सोललेला हात, ओल्या सिमेंटच्या क्षाराने भाजलेली त्वचा, नुकतेच टोचलेले कान. रोज भांडी घासणाऱ्या, केशकर्तनालयात दिवसभर पाण्यात हात घालणाऱ्या माणसांना ॲलर्जी जास्त का होते, याचे उत्तर त्यांच्या "प्रकृती"त शोधण्यापेक्षा या उसन्या संकेतात शोधले पाहिजे.

केरॅटिनोसाइटच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. हीच पेशी बचावही करते. तिच्यातल्या कीप-१ या प्रथिनाचे सिस्टीन हॅप्टेनने पकडले की एनआरएफ-२ हा नियंत्रक मोकळा होतो आणि विषनिवारणाची जनुके चालू करतो. ज्या उंदरांत एनआरएफ-२ नाही त्यांचे संवेदीकरण अधिक जोरदार होते. हाकाटी आणि आवर, दोन्ही एकाच पेशीतून सुरू होतात.

आता या कथेच्या जुन्या नायकाकडे येऊ. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या विशीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने माणसाच्या त्वचेला सोन्याच्या क्लोराइडचा रंग दिला आणि बाह्यत्वचेत फांद्या पसरलेल्या पेशी पाहिल्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातली ती बेटे वर्णिली ज्यांमुळे त्याचे नाव मधुमेहाशी कायमचे जोडले गेले; १८८८ साली तो मदैरा बेटावर वारला. त्वचेतल्या त्याच्या पेशींचे काम मात्र शंभर वर्षे कोणाला उमगले नाही. १९६१ साली बर्बेक यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात या पेशींमधले वैशिष्ट्यपूर्ण कण दिसले. १९७३ साली इंगा सिल्बरबर्ग यांनी पाऱ्याची ॲलर्जी असलेल्यांच्या त्वचेत लिम्फोसाइट लँगरहान्स पेशींना खेटून बसलेले पाहिले. त्याच वर्षी राल्फ स्टाइनमन यांनी झानव्हिल कोन यांच्यासह डेंड्रिटिक, म्हणजे फांद्या असलेल्या, पेशींचे वर्णन केले, ज्यासाठी २०११ साली नोबेल जाहीर झाले. घोषणा झाली त्याच्या तीन दिवस आधीच स्टाइनमन गेले होते. १९८५ साली शुलर आणि स्टाइनमन यांनी दाखवले की त्वचेतून काढलेल्या लँगरहान्स पेशी काचपात्रात ठेवल्या की परिपक्व होतात आणि टी पेशींना जबरदस्त उद्युक्त करतात.

चित्र पूर्ण वाटू लागले. बाह्यत्वचेतल्या पेशींपैकी तीन टक्क्यांच्या आसपास असलेल्या या पेशी, हातपाय पसरून सगळ्या पृष्ठभागावर नजर ठेवणाऱ्या. जपानी संशोधकांनी २००९ साली तर दाखवले की त्यांच्या फांद्या बाह्यत्वचेतल्या घट्ट जोडांमधून वर डोकावतात आणि जोड न तोडता बाहेरचा पदार्थ आत घेतात. एन्क आणि काट्झ यांनी १९९२ साली उंदरांत मोजले होते की हॅप्टेन लावल्यावर १५ मिनिटांत लँगरहान्स पेशींत इंटरल्यूकिन-१ बीटाचा संदेश वाढतो. साध्या दाहकारक रसायनाने तसा वाढत नाही. इंटरल्यूकिन-१ बीटा आणि केरॅटिनोसाइटकडून येणारा टीएनएफ-आल्फा यांच्या प्रभावाने लँगरहान्स पेशी शेजाऱ्यांना धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन सोडते, खालचा पापुद्रा विकरांनी विरघळवते आणि सीसीआर-७ हा ग्राहक अंगावर घेऊन लसिकावाहिन्यांच्या दिशेने निघते. तिकडून येणारा सीसीएल-२१ तिला लसिकाग्रंथीपर्यंत खेचून नेतो.

लसिकाग्रंथी इथे अपरिहार्य आहे, हे बाझेलच्या फ्राय आणि वेंक यांनी १९५७ सालीच दाखवले होते. गिनीपिगच्या त्वचेचे एक बेट त्यांनी रक्तपुरवठ्यावर जिवंत ठेवले, पण लसिकावाहिन्या तोडल्या. त्या बेटावर कितीही रसायन लावले तरी प्राणी संवेदित झाला नाही. काखेत किंवा जांघेत अवधाण आलेले आपण जाणतो. संवेदीकरणात तिथेच, पण सहसा कोणाच्या लक्षात न येता, योग्य टी पेशी शोधली जाते. हॅप्टेन घेऊन आलेली पेशी हजारो टी पेशींना भेटते, एखादी जुळते, तिच्या पिढ्यांमागून पिढ्या तयार होतात. त्यांच्या अंगावर त्वचेचा पत्ता कोरला जातो, म्हणजे सीएलए आणि सीसीआर-४ सारखे ग्राहक येतात, आणि मग त्या रक्तातून सगळ्या त्वचेभर पसरतात. याडासोन यांना निरोगी जागेवरही पुरळ का दिसले, ते इथे उलगडते.

हा सारा मान लँगरहान्स पेशींना देऊन पाठ्यपुस्तके छापली गेली. मग २००५ साल आले. तीन वेगवेगळ्या गटांनी जनुकीय क्लृप्तीने उंदरांतल्या लँगरहान्स पेशी नाहीशा केल्या आणि हॅप्टेन लावून पाहिले. एका प्रयोगात ॲलर्जी कमी झाली. दुसऱ्यात काहीच फरक पडला नाही. तिसऱ्यात, डॅनियल कॅप्लन यांच्या उंदरांत, ॲलर्जी चक्क वाढली. एकाच प्रश्नाची तीन उत्तरे, आणि तिन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले.

माझ्या मते या विषयाच्या आधुनिक इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. त्याने संशोधकांना उत्तराऐवजी साधन तपासायला लावले. २००७ साली तीन प्रयोगशाळांनी एकाच सुमारास दाखवले की लँगरहान्स पेशींची ओळख समजले जाणारे लँगरिन हे प्रथिन अंतस्त्वचेतल्या एका वेगळ्या डेंड्रिटिक पेशीवरही असते. दोन प्रयोगांत इंजेक्शन देऊन पेशी मारल्या होत्या, त्यात या दुसऱ्या पेशीही मेल्या होत्या. कॅप्लन यांच्या उंदरांत मात्र फक्त बाह्यत्वचेतल्या पेशी जन्मापासून नव्हत्या. शिवाय वेळापत्रकही जुळत नव्हते. अंतस्त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी हॅप्टेन घेऊन एक-दोन दिवसांत ग्रंथीत पोचतात. लँगरहान्स पेशी चौथ्या दिवसाच्या सुमारास, आणि ग्रंथीतल्या वेगळ्या भागात. तोवर टी पेशींची वाढ सुरू झालेली असते. संवेदीकरणाची पहिली निर्णायक खेप बहुधा अंतस्त्वचेतल्या पेशी नेतात. हॅप्टेनची मात्रा कमी असेल, ते बाह्यत्वचेतच अडकून राहणार असेल, तेव्हा लँगरहान्स पेशींची गरज पडते असे काही प्रयोग सांगतात.

मग लँगरहान्स पेशी करतात तरी काय? कॅप्लन यांच्याच गटाने पुढे दाखवले की त्या इंटरल्यूकिन-१० सोडून टी पेशींना आवर घालतात. फ्रान्समधल्या एका गटाने २०१२ साली दुर्बळ हॅप्टेन लावलेल्या उंदरांत पाहिले की लँगरहान्स पेशी हल्ला करणाऱ्या सीडी-८ टी पेशींना निष्प्रभ करतात आणि नियामक टी पेशी जागवतात. त्यांचे गोत्रही वेगळे निघाले : त्या अस्थिमज्जेतून सतत येत नाहीत, गर्भावस्थेतच बलक-पिशवी आणि यकृतातल्या पूर्वज पेशींपासून त्वचेत येऊन वसतात आणि तिथल्या तिथेच स्वतःची संख्या राखतात. मूळ पाहिले तर मॅक्रोफेजच्या जवळच्या, वागणे पाहिले तर डेंड्रिटिक पेशींच्या. आज मला त्यांचे सर्वांत नेमके वर्णन असे वाटते की सामान्य दिवसांत त्या सहनशीलता राखतात, आणि त्वचेत धोक्याची हाक मोठी झाली की त्याच पेशी उलट काम करू शकतात. जे रसायन रोज अंगावर पडूनही काही होत नाही, त्यामागे कदाचित त्यांचे हे न दिसणारे काम असते.

बाकीच्या पेशींबद्दल थोडक्यात. मास्ट पेशी हिस्टामिन सोडून लसिकावाहिन्यांचा मार्ग सुकर करतात आणि त्यांच्याविना उंदरांत संवेदीकरण मंदावते. न्यूट्रोफिल हे तर फक्त जिवाणूंशी लढणारे मानले जात. तेही पहिल्याच टप्प्यात लागतात असे २०१५ साली दिसले. टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांतही नैसर्गिक मारक पेशी हॅप्टेनची आठवण ठेवतात, हा २००६ सालचा शोध अजूनही चकित करतो. या प्रत्येकाचे माणसातले महत्त्व सारखे असेल असे मानायचे कारण नाही.

कारण उंदीर आणि माणूस यांच्या त्वचेत फरक आहेतच. उंदराच्या बाह्यत्वचेत फांद्या असलेल्या गॅमा-डेल्टा टी पेशींचे दाट जाळे असते, माणसाच्या त्वचेत तसे नसते. उलट माणसाच्या लँगरहान्स पेशींवर सीडी-१ए नावाचे प्रथिन भरपूर असते आणि उंदरात ते मुळीच नसते. हे प्रथिन पेप्टाइडऐवजी स्निग्ध रेणू टी पेशींना दाखवते. २०१६ साली माणसाचे सीडी-१ए बसवलेल्या उंदरांत दिसले की उरुशिओल त्यामार्फत थेट टी पेशींना चेतवते. पुढे पेरू बाल्समच्या काही घटकांबाबतही तसेच आढळले. हे खरे असेल तर प्रथिनाला चिकटण्याचा लँडस्टायनर यांचा नियम सर्वव्यापी नाही. बिब्ब्यासारखी तेलकट रसायने त्याला वळसा घालू शकतात.

मात्रेचा प्रश्न माणसांवरच तपासला गेला. इंग्लंडमध्ये पीटर फ्रीडमन यांनी १९८०च्या दशकात स्वयंसेवकांच्या त्वचेच्या छोट्या वर्तुळात डीएनसीबी हे रसायन लावले. ६२.५ मायक्रोग्रॅमने फार थोडे संवेदित झाले, ५०० मायक्रोग्रॅमने सगळे. निर्णायक ठरली ती एकूण मात्रा नव्हे, तर दर चौरस सेंटिमीटरला पडलेली मात्रा. पेशींच्या दृष्टीने पाहिले तर हे समजते : प्रत्येक डेंड्रिटिक पेशीच्या वाट्याला किती हॅप्टेन येते त्यावर ती किती चेतेल हे ठरते. म्हणूनच डबीवर "०.१ टक्के" लिहिलेले आश्वासन पुरेसे नसते, जे उत्पादन रोज, त्याच जागी, धुवून न टाकता लावले जाते त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. मेथिलआयसोथायझोलिनोन हे संरक्षक रसायन त्वचेवर राहणाऱ्या क्रीम आणि ओल्या वाइप्समध्ये वापरले गेले, तेव्हा युरोपात ॲलर्जीची लाट आली आणि अखेर अशा उत्पादनांत त्यावर बंदी घालावी लागली.

नवे रसायन बाजारात येण्याआधी ते संवेदक आहे का, हे तपासण्याची पद्धतही पेशींच्या या ज्ञानामुळे बदलली. पूर्वी गिनीपिगच्या त्वचेवर उद्रेकाची वाट पाहत. मग उंदराच्या कानाला तीन दिवस रसायन लावून सहाव्या दिवशी ग्रंथीतल्या टी पेशींची वाढ मोजणारी चाचणी आली. वाढ तिपटीहून अधिक असेल तर रसायन संवेदक. २०१२ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने संवेदीकरणाचे चार टप्पे अधिकृतपणे मांडले : प्रथिनाशी बंध, केरॅटिनोसाइटचा प्रतिसाद, डेंड्रिटिक पेशींचे चेतणे, टी पेशींची वाढ. पहिल्या तिन्हींसाठी आता प्राण्याविना चाचण्या आहेत. त्यातली एक कीप-१च्याच यंत्रणेवर उभी आहे. युरोपने २०१३ साली, भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी बंद केली. प्राण्यांच्या यातना टळल्या हे फार चांगले झाले. मात्र एकेका काचपात्रात एकेक टप्पा मोजताना पेशींमधले बोलणे सुटते, आणि संवेदीकरण त्या बोलण्यातच घडते. धोक्याची हाक दुसऱ्या रसायनाकडून उसनी घेणारा हॅप्टेन अशा चाचणीत निसटू शकतो, ही शंका गंभीरपणे घेतली पाहिजे.

उद्रेकाच्या बाजूने पाहिले तर एकदा तयार झालेल्या टी पेशी पुसता येत नाहीत. त्यातल्या काही त्वचेतच कायमच्या वस्तीला राहतात. २०१५ साली दिसले की त्वचेतल्या या निवासी स्मृतिपेशी आणि ग्रंथीत राहणाऱ्या स्मृतिपेशी एकाच पूर्वज पेशीच्या वंशातून येतात. तोंडावाटे हॅप्टेन देऊन सहनशीलता आणण्याचे प्रयत्न अनेक दशके झाले, पण आधीच संवेदित झालेल्या माणसात त्यांना भरवशाचे यश मिळालेले नाही. संवेदित होण्यापूर्वी मात्र तोंडाचा मार्ग काम करतो असे दिसते : कान टोचण्याआधी दातांना निकेलयुक्त तारा बसवलेल्या मुलांत निकेलची ॲलर्जी कमी आढळली.

जिथे पहिल्या अंकातच हात घातला गेला तिथे फळ मिळाले आहे. डेन्मार्कने १९९० साली त्वचेला लागणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली : आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम. त्यानंतर कान टोचलेल्या शाळकरी मुलींत निकेलची ॲलर्जी ठळकपणे घटली, आणि १९९४ साली युरोपीय संघाने तशीच मर्यादा स्वीकारली. सिमेंटमध्येही डेन्मार्क पुढे होता. सिमेंटमधले षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळून त्वचेत उतरते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून त्याचे त्रिसंयुजी रूप करू लागले, जे त्वचेत सहज शिरत नाही. २००५पासून सगळ्या युरोपीय संघात विरघळणाऱ्या षट्संयुजी क्रोमियमला दहा लाखांत दोन भागांची मर्यादा आहे. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी घमेली उचलणारे हात बहुतेक उघडेच असतात, आणि ओल्या सिमेंटच्या क्षाराने आधीच सोललेल्या त्या त्वचेला क्रोमियमचा हॅप्टेन आणि धोक्याचा संकेत दोन्ही एकाच वेळी मिळतात. फेरस सल्फेट ही स्वस्त चीज आहे. रबरी हातमोजे आणि जेवणाआधी हात धुवायला स्वच्छ पाणी तर त्याहून साधे. ते प्रत्येक बांधकामावर मिळायला हवे, आणि तेही पहिल्या दिवसापासून, कारण चट्टे उठल्यावर दिलेला हातमोजा त्या गवंड्याच्या टी पेशींना उशिरा पोचतो.